एमजीबीचं इंजिन नव्यानं बांधताना: आधी माप, मग पाना

चौदा वर्षं एका शेडमध्ये उभी असलेली १९७०ची एमजीबी रोडस्टर मी विकत घेतली. बॉनेट उचललं आणि आतलं इंजिन पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. ती ओळख कोल्हापुरातली होती. मामांचं गॅरेज शिवाजी उद्यमनगरात. मे महिन्याच्या सुट्टीत तिथं अँबेसिडर टॅक्सींची इंजिनं उतरायची आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये टॅपेट धुण्याचं काम माझ्याकडे असायचं. अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ‘बी-सिरीज’ कुळातली. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमीवरून ८०.२६ मिमी झाला, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) मात्र तोच राहिला, ८८.९ मिमी. उत्तरपाड्यात बनलेली टॅक्सी आणि इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला बनलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार, दोघींच्या पोटात एकच ठोका.

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. आजही इंग्लंडमध्ये तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो, म्हणून स्वतःच्या हातानं पहिलं इंजिन बांधायला यासारखी गाडी नाही. पण सगळं मिळतं म्हणूनच माणसं चुकतात. आधी चकचकीत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मागवतात, इंजिनात काय झिजलंय हे मात्र कुणी मोजत नाही. मामा म्हणायचे, ‘‘आधी माप घे, मग पाना उचल.’’ मी हे काम त्याच क्रमानं केलं, आणि खाली तोच क्रम दिला आहे.

किल्ली फिरवू नका

बरीच वर्षं उभी असलेली गाडी घरी आली की बॅटरी जोडून स्टार्टर मारायचा मोह होतो. तो आवरा. रिंग सिलिंडरला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व गाइडमध्ये अडकलेला असतो. स्टार्टरच्या एका हिसक्यात पुशरॉड वाकतो किंवा रिंग तुटते.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून दोन मोठे चमचे ओता आणि दोन-तीन दिवस थांबा. मग क्रँकच्या पुलीवरच्या नटाला पाना लावून हातानं फिरवून बघा. फिरलं नाही तर जोर लावू नका, पुन्हा ओता, पुन्हा थांबा. चौथा गिअर टाकून गाडी किंचित पुढे-मागे ढकलण्यानंही चिकटलेलं इंजिन सुटतं. माझं तिसऱ्या दिवशी सुटलं. आधी काहीच हाललं नाही, मग आतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि पाना तळहाताखाली अलगद सरकला. फिरवताना रॉकर कव्हर काढून ठेवा. आठही व्हॉल्व खाली जाऊन वर येतात का, ते डोळ्यांनी बघायचं असतं.

बॅटरी जोडण्याआधी एक गोष्ट तपासा. १९६७पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं) आणि सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. मधल्या कुणीतरी वायरिंग बदललेलंही असू शकतं.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की नवं ऑइल भरा आणि चारही प्लग काढलेले ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजनं मोजा. माझे आकडे असे आले: पहिला १५०, दुसरा ९०, तिसरा ९५, चौथा १४५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा घेतले. पहिला आणि चौथा थोडे चढले, दुसरा-तिसरा जागचे हलले नाहीत. ऑइल घातल्यावर आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे. चढला नाही तर ती वर आहे, व्हॉल्वमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकत्र पडले, तर बहुतेक वेळा त्यांच्यामधली हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची) चिंचोळी पट्टी जळलेली असते. हेड उतरल्यावर ती पट्टी खरोखरच काळी आणि खाऊन गेलेली निघाली.

एवढ्यावर नवं गॅस्केट टाकून गाडी चालू करता आली असती. पण ऑइल घातल्यावर पहिला आणि चौथा चढले होते, म्हणजे रिंगाही दमल्या होत्या. तिथेच ठरलं की इंजिन पूर्ण उतरवायचं.

उतरवताना

कामाच्या आधी मोबाईलवर शंभर फोटो काढा आणि प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव लिहून ठेवा. इंग्लिश नट इंचातले आहेत. ९/१६च्या नटाला १४चा पाना जात नाही आणि १५चा सैल बसतो. अर्ध्या इंचाच्या नटाला १३चा जेमतेम बसतो आणि दुसऱ्या झटक्यात कोपरे गोल करून टाकतो. इंची पान्यांचा एक बरा संच घ्या. ही बचतीची जागा नाही.

पाणी आणि ऑइल काढा, रेडिएटर, ऑइल कूलरच्या नळ्या, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड सोडवा आणि इंजिन गिअरबॉक्ससकट एक टनाच्या क्रेननं तिरकं करून बाहेर घ्या. क्रेनखाली कुणीही, कधीही हात घालायचा नाही. इंजिन बाहेर आहे तोवर क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून टाका. एमजीबीत हे बेअरिंग ग्रॅफाइटचं असतं. ते झिजलं तर एवढ्याशा तुकड्यासाठी पुन्हा अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

हेड काढताना लक्षात ठेवा, रॉकर शाफ्टचे चार मोठे नट हेडच्याच स्टडवर आहेत. फक्त रॉकर काढायचा म्हणून ते सोडले तरी हेड एका बाजूनं मोकळं होतं. त्यामुळे पाणी आधीच काढलेलं असावं आणि अकराही नट थोडे-थोडे करत, आलटून-पालटून ढिले करावेत. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ओळीनं लावा. कॉन-रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) आणि त्यांच्या कॅपवर नंबर नसतील तर पंच मारून घ्या. एका रॉडची कॅप दुसऱ्याला बसली म्हणजे दोन रॉड गेले.

मापं

सगळं धुतल्यावर खरं काम सुरू होतं. बोअर गेज, ० ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ ते १०० मिमीचे मायक्रोमीटर, फिलर गेज, डायल गेज आणि सरळ धारेची पोलादी पट्टी लागते. विकत घेणं शक्य नसेल तर मशीन शॉपमधून मोजून घ्या, पण तिथं उभं राहून आकडे स्वतःच्या वहीत लिहा. मोजताना समोर उभं राहिलं की पुढची अर्धी चर्चा आपोआप नीट होते.

आधी पिस्टनचा माथा खरवडून बघा. माझ्या पिस्टनवर काजळीखाली ‘०४०’ असा शिक्का होता. म्हणजे आधीच्या कुणीतरी एकदा चाळीस थाऊ बोअर केलेलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि सगळी जुनी मॅन्युअलं त्याच भाषेत बोलतात. मूळ ८०.२६ मिमीत १.०२ मिळवले की ८१.२८ मिमी. हा आकडा हाती नसता तर पुढची प्रत्येक झीज मी चुकीच्या मापाशी ताडली असती.

प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर मोजा, वर, मधे आणि खाली, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: इंजिनाच्या लांबीत आणि आडवा. झीज नेहमी वरच्या रिंगेच्या प्रवासात आणि आडव्या दिशेनं जास्त असते, कारण पिस्टन तिथंच दाब घेतो. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मला वर ८१.४६ मिळाले आणि तळाशी ८१.२९. जवळजवळ पावणेदोन दशांश मिलिमीटरचा उतार. मोजण्याआधी नख फिरवूनही तो कळतो. सिलिंडरच्या अगदी तोंडाशी, जिथे रिंग पोचत नाही तिथे, नखाला कड लागते. अशा भिंतीत नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे ऑइलमध्ये जाळणं आहे.

क्रँकच्या जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, दोन दिशांनी मोजा. पिन (जिच्यावर कॉन-रॉड बसतो ती) मूळची ४७.६५ मिमी आणि मेन (ब्लॉकमध्ये फिरते ती) ५४ मिमी. दुसरी पिन ०.०४ मिमी लंबगोल निघाली. त्यामुळे सगळ्या पिन आणि मेन दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, अंडरसाइज ग्राइंड करायच्या ठरल्या. १९६४च्या शेवटापासून एमजीबीला पाच मेन बेअरिंगचा क्रँक आहे. हा तळ इतका दणकट आहे की नीट ग्राइंडिंग आणि नीट ऑइल मिळालं तर तो आणखी पन्नास वर्षं काढेल. त्याआधीच्या गाड्यांना तीनच मेन आहेत आणि मागे ऑइल सीलऐवजी ऑइल परत ढकलणारा आटा आहे. तिथून थोडं गळणारच, त्यासाठी इंजिन पुन्हा उघडू नका.

कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) लोबचं, म्हणजे उंचवट्याचं, टोक चकचकीत चपटं झालंय का आणि टॅपेटच्या (लोबवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या तुकड्याच्या) तळाला खड्डे पडलेत का, ते बघा. हेडवर आणि ब्लॉकवर पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फिलर घालून बघा. हेड प्रेशर टेस्टला द्याच. या हेडला दोन व्हॉल्वांच्या सीटमध्ये तडा जातो आणि तो काजळीत दिसत नाही.

मशीन शॉपकडे

आधी पिस्टन घ्या, मग ब्लॉक द्या. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्यासाठी लागणारा गॅप ठेवूनच त्या सिलिंडरचा बोअर व्हायला हवा. मी साठ थाऊ ओव्हरसाइज घेतलं, कारण चाळीसची झीज काढायला तेवढं लागलं. ८१.७८ मिमी बोअर म्हणजे १८६८ सीसी. तुमचा ब्लॉक मूळ मापाचा असेल तर मात्र वीस किंवा तीसनं काम भागतं का ते बघा. चार-पाच टक्के सीसीसाठी पुढच्या बोअरिंगचं लोखंड आजच खरवडून टाकू नये. ही गाडी आपल्यानंतरही कुणीतरी चालवणार आहे.

कामाची यादी कागदावर द्या. बोअर आणि होन (भिंतीची बारीक घासणी), क्रँक ग्राइंड आणि पॉलिश, ब्लॉकच्या माथ्यावरून हलका कट, हेडचं स्किमिंग (तळ सपाट करणं), नवे गाइड, एक्झॉस्टला कडक सीट. त्या सीटचं कारण साधं आहे. या इंजिनाच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते एक्झॉस्ट सीटवर संरक्षक थर धरायचं. ब्रिटनमध्ये १९९९च्या अखेरीस ते पेट्रोल बंद झालं. आता लोखंडी सीट जोरात चालवलेल्या गाडीत हळूहळू आत धसते आणि टॅपेटचा गॅप बंद होत जातो. क्रँक, फ्लायव्हील, क्लच आणि पुली मिळून बॅलन्सही करून घ्या. ज्यावर मी कधीही पैसे वाचवणार नाही अशा कामांत बॅलन्सिंग येतं.

क्रँक परत आला तो आरशासारखा चकाकत होता, पिवळसर ऑइल लावलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. बसवायला घ्यावा असाच. मी त्याच्या ऑइलच्या भोकांत बाटली धुण्याचा बारीक ब्रश घातला आणि फिरवून बाहेर ओढला. ब्रशच्या केसांवर करडी, ओलसर पेस्ट आली. बोटांत चोळली तर कानशीसारखी करकरली. ग्राइंडिंगच्या दगडाची पूड. ती तशीच राहिली असती तर पहिल्या मिनिटालाच ऑइलबरोबर थेट नव्या बेअरिंगमध्ये गेली असती. काम करणाऱ्यानं क्रँक बाहेरून धुतला होता, पण आतून नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: मशीन शॉपमधून आलेली कुठलीही वस्तू घाणच समजायची. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून टाका, लांब ब्रशनं, गरम पाणी आणि साबणानं प्रत्येक वाट धुवा, हवा मारा आणि लगेच ऑइल लावा. बोअर धुवून पांढऱ्या कापडानं पुसा, कापड पांढरंच राहील तोपर्यंत. मला अकरा कापडं लागली. आधी बेअरिंग फुटलेलं असेल तर जुना ऑइल कूलर परत लावू नका, त्याच्या पोटातला धातूचा चुरा कधीच पूर्ण निघत नाही.

ताकद कुठून येते

कारखान्यातून एमजीबी ५४०० आरपीएमला ९५ बीएचपी द्यायची. त्यापुढे जायचं तर आधी हेड बघायचं. या हेडमध्ये चार सिलिंडरांना इनलेटचे दोनच पोर्ट आहेत, म्हणजे दोन-दोन सिलिंडर एका दारातून श्वास घेतात. एक्झॉस्टला तीन, त्यातला मधला पोर्ट दुसऱ्या-तिसऱ्यात वाटलेला. पाच दारं आणि आठ व्हॉल्व. म्हणून मोठे कार्ब्युरेटर लावून काही साधत नाही. वाट दारातच अडलेली असते. व्हॉल्वच्या सीटखालची कड गोल करणं, गाइडभोवतीचा अनावश्यक उंचवटा काढणं, सीटला तीन कोनांचा कट देणं, यातून जे मिळतं ते इतर कुठल्याही खर्चातून मिळत नाही. पोर्ट भराभर मोठा करू नका. त्यानं हवेचा वेग पडतो आणि शहरात गाडी सुस्त होते.

दुसरं, कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं. ते अंदाजानं ठरवू नका, मोजा. हेड उलटं ठेवून व्हॉल्व आणि प्लग बसवा, वर भोक असलेली काचेची किंवा अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवा आणि ब्युरेटनं पातळ ऑइल सोडत जा. माझ्या एका चेंबरमध्ये ४१ सीसी मावलं. त्यात दाबल्यावर गॅस्केटची जाडी धरून ४.५, पिस्टनच्या वाटीचे ७ आणि पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून अर्धा मिलिमीटर खाली राहतो त्याचे २.६ मिळवले. एकूण ५५.१ सीसी. एका सिलिंडरचं स्वतःचं आकारमान ४६७ सीसी. दोन्हींची बेरीज ५५.१नं भागली की ९.५ येतं. कारखान्याचं ८.८ होतं. रस्त्यावर चालणाऱ्या आणि ९७ ऑक्टेनचं पेट्रोल मिळणाऱ्या गाडीला साडेनऊ पुरेसं आहे. चारही चेंबर एकसारखे आले पाहिजेत. एकात दीड सीसी कमी निघालं, ते घासून बरोबर केलं.

तिसरा कॅमशाफ्ट. ‘फास्ट रोड’ म्हणून मिळणारा सौम्य कॅम घ्या, शर्यतीचा नको. शर्यतीचा कॅम आयडलिंगला लंगडतो आणि तीन हजारांखाली काही देत नाही. या गाडीची मजा गावाबाहेरच्या वळणांवर, मधल्या आरपीएममध्ये आहे. नव्या कॅमबरोबर नवे टॅपेटच, जुने कधीही नाही. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासूनच जुळतात, दुसऱ्याशी जुळलेला टॅपेट नव्या लोबला खातो. नंतरच्या इंजिनांना टायमिंगची एकेरी चेन आहे, तिच्या जागी जुनी दुहेरी चेन बसवता येते आणि बसवावी.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि एअर फिल्टर यानंतर. एसयू कंपनीचे मूळचे दोन दीड इंची कार्ब्युरेटर तसेच ठेवा. शाफ्ट आणि बुश नवे घालून ते हवा चोरत नाहीत ना एवढं बघा, आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई वाढलेल्या हवेला जुळेल अशी बदला.

बांधणी

मेन बेअरिंगच्या जागा कोरड्या पुसा, कवच बसवा, प्लॅस्टिगेजची (दाबली की चपटी होणारी मऊ) तार ठेवून कॅप आवळा आणि उघडून दाबलेल्या तारेची रुंदी बघा. ०.०२५ ते ०.०७ मिमीच्या मध्ये गॅप हवा. माझा सगळीकडे ०.०४५च्या आसपास आला. थ्रस्ट वॉशर मधल्या मेनवर आहेत, त्यांच्या ऑइलच्या खाचा बाहेरच्या, क्रँकच्या बाजूला. हे उलटे बसले तर काही दिवसांत क्रँक पुढे-मागे हलायला लागतो. डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे ढकला, ०.१० ते ०.१३ मिमी हवं. मेनच्या कॅप ७० पौंड-फूट, म्हणजे ९५ न्यूटन-मीटर. बिग-एंड, म्हणजे कॉन-रॉडच्या कॅप, ३५ ते ४० पौंड-फूट. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवा. कुठल्या कॅपनंतर तो जड झाला हे तेव्हाच कळतं, सगळं आवळून झाल्यावर नाही.

रिंगा एकेक करून सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्यानं सरळ खाली ढकला आणि टोकांमधला गॅप मोजा. बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाऊ या हिशोबानं मला ०.३३ मिमी हवा होता. दोन रिंगा कमी होत्या, त्या बारीक कानशीनं घासल्या. शिक्का असलेली बाजू वर. पिस्टनची पिन तुमच्या इंजिनात कशी आहे ते बघा. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्लॅम्प बोल्टनं, मग सर्कलिपनं आणि शेवटच्या इंजिनांत रॉडमध्येच दाबून बसवलेली असते. दाबून बसवायचं काम मशीन शॉपकडे सोपवा.

टायमिंगच्या दोन्ही चक्रांवरचे ठिपके समोरासमोर आणा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुलीवर अंशांची तबकडी आणि पहिल्या इनलेटच्या पुशरॉडवर डायल गेज लावा आणि कॅमसोबत आलेल्या कागदावर पूर्ण लिफ्ट किती अंशांवर लिहिली आहे ती जुळवा. माझी चार अंश मागे निघाली. कॅमच्या चक्रात ऑफसेट की (एका बाजूला सरकलेली पाचर) घालून ती बरोबर केली. या दोन तासांत इंजिनाचा स्वभाव बदलतो. प्रत्येक लोबला आणि टॅपेटच्या तळाला मोलिब्डेनमची पेस्ट लावा.

हेड गॅस्केट कोरडं, वरच्या बाजूचा शिक्का बघून. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ४५ ते ५० पौंड-फूट. रॉकरचे छोटे नट २५. टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिमी. कुठला कधी लावायचा याला नऊची बेरीज लक्षात ठेवा. आठवा व्हॉल्व पूर्ण दाबलेला असताना पहिला, सातवा दाबलेला असताना दुसरा, असं पुढे. कॅम नवा असल्यानं त्याच्या कागदावर वेगळा गॅप दिला असेल तर तोच पाळा.

पहिली वीस मिनिटं

नव्या इंजिनाचं भवितव्य या वीस मिनिटांत ठरतं. इथे घाई करू नका.

आधी ऑइल. बसवतानाच ऑइल पंपात पेट्रोलियम जेली भरलेली असावी. नाहीतर कोरडा पंप ऑइल ओढतच नाही. फिल्टर भरून घ्या, ब्लॉकच्या मागच्या ऑइलच्या नळीच्या तोंडातून पंपाकडे ऑइल ओता आणि चारही प्लग काढून स्टार्टरनं इंजिन फिरवा. दहा सेकंद फिरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं. गेजचा काटा पन्नासच्या दिशेनं चढायला लागला की मगच प्लग लावा. काटा हालला नाही तर स्पार्क देऊ नका, कारण शोधा. ऑइल २०डब्ल्यू-५० खनिज, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, खास जुन्या इंजिनांसाठीचं घ्या. आधुनिक ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं आणि चपट्या टॅपेटांना तेच वाचवतं.

रेडिएटर भरलेला, हवा काढलेली, टायमिंग बसवलेलं, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ दोनदा तपासलेली, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आलेलं. इंजिन चालू होताच थेट २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत, ठेवा. आयडलिंगला येऊ देऊ नका. कॅम आणि टॅपेटांना उडणाऱ्या ऑइलचाच आधार असतो आणि आयडलिंगला ते पुरेसं उडत नाही. अनेक वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या इंजिनात मी नेमकं हेच केलं. चालू झाल्याच्या आनंदात आयडलिंगला सोडून कार्ब्युरेटर लावत बसलो. दीड महिन्यानं टॅपेट वाजायला लागले, कव्हर उघडलं तर दोन लोब गोल झालेले. तो कॅम मी अजून वर्कबेंचच्या वर खिळ्याला टांगून ठेवला आहे.

या वीस मिनिटांत एक जण गेजसमोर आणि एक जण इंजिनाभोवती हवा. ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, गळती. मॅनिफोल्डचा नवा रंग धूर करेल, तो घाबरण्यासारखा नाही. ऑइलचा दाब पडला तर मात्र त्याच क्षणी बंद.

ट्यूनिंग आणि पहिले मैल

गरम इंजिनावर आधी इग्निशन, मग कार्ब्युरेटर. एकूण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते) चार हजार आरपीएमच्या आसपास ३२ अंशांवर राहील असा लावा आणि टायमिंग लाइटनं तपासा. जुन्या डिस्ट्रिब्युटरचे वजनांचे स्प्रिंग ताणलेले असतात, त्यामुळे खालचा आकडा बरोबर लावला तरी वरचा भरकटतो. म्हणून दोन्ही बघा.

एसयू लावायला महागडी साधनं लागत नाहीत. जेटचे नट दोन्हीकडे दोन-दोन पूर्ण फेरे खाली घेऊन सुरुवात करा. मग फूटभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पुढच्यातून ‘सूंऽऽ’ येतो आणि मागच्यातून जरा खोल ‘हूंऽऽ’, म्हणजे मागचा जास्त हवा घेतोय. दोन्ही सूर एक होईपर्यंत थ्रॉटलचा स्क्रू फिरवा. मामांच्या गॅरेजात हे काम नेहमी एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे असायचं, आणि ते काम चालू असताना बाकीच्यांनी हातोडी वाजवायची नाही असा दंडक होता. मिश्रणासाठी कार्ब्युरेटरमधला पिस्टन त्याच्या उचलायच्या पिननं जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, क्षणभर किंचित वाढून स्थिर झालं तर बरोबर. नट एका वेळी एकच पैलू फिरवा. एवढं झाल्यावर गाडी एक दिवस रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात त्या यंत्रावर) द्या. सुई योग्य आहे का, हे भाराखालीच कळतं.

पेट्रोलच्या नळ्या विसरू नका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि भारतात आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं आणि गरम मॅनिफोल्डच्या वर गळायला लागतं. अँबेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्यांनीही सगळ्या नळ्या, डायफ्रॅम आणि सील इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

पहिले ८०० किलोमीटर चार हजार आरपीएमच्या वर जाऊ नका, पण गाडीला गोंजारतही बसू नका. वर-खाली वेग, थोडा चढ, मग मोकळं सोडून इंजिननं ओढू द्यायचं. वरच्या गिअरात रडत-खडत चढवू नका. दाबाशिवाय रिंगा भिंतीला जुळत नाहीत. पहिल्या प्रवासानंतर इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, हेडचे नट क्रमानं एकेक किंचित ढिला करून पुन्हा टॉर्कला आणा आणि टॅपेटचा गॅप परत लावा. ८०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर फेकण्याआधी त्याची कागदी घडी कापून उन्हात उलगडून बघा. कॅम आणि रिंगा जुळतानाची बारीक करडी झाक दिसेल, ती चालते. पितळी किंवा चंदेरी कण दिसले तर बेअरिंग बघा.

माझ्या घडीत करडी झाकच होती. गरम इंजिनावर ३००० आरपीएमला दाब ६० पीएसआय, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या पाच पीएसआयच्या आत. ते आकडे मी वहीत त्याच पानावर लिहिले, जिथे आधी १५०, ९०, ९५, १४५ लिहिले होते.